बेदाण्याच्या डायरीत बीअरचे मार्क

सांगलीत बीअर घ्यायला गेलं की दुकानदार एकच विचारतो, माइल्ड का स्ट्राँग? बास. त्याच्यापुढं बीअरची जात-पोटजात काही नसते. आणि बहुतेक जण स्ट्राँगच म्हणतात कारण तेवढ्याच पैशात जास्त लागते हा सरळ हिशोब आहे. मीपण वीस वर्षं ह्याच हिशोबानं चाललो. मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहे मी, हिशोब सोडून दुसरं काही फारसं येतही नाही.

बिघडवलं ते भाच्यानं. पुण्यात कंपनीत आहे, मागच्या दिवाळीत आला तो बॅगेत सहा कॅन घेऊन. रंगीबेरंगी, वर चित्रं बित्रं काढलेली, मला वाटलं कोल्ड्रिंक आहे. म्हणाला, "मामा, डायरेक्ट कॅनला तोंड लावू नको, ग्लासात ओत. आणि आईला सांगू नको." दोन्ही सूचना पाळल्या. रात्री गच्चीवर एक फोडला, काचेच्या ग्लासात ओतला तर बीअर गढूळ, ताकाची निवळ असते ना तशी. एक घोट घेतला आणि म्हटलं गेली ही, खराब झाली, मसाल्याचा वास मारायलाय. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला वर आली होती. ती पीत नाही, पण ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "अहो, खराब कुठं, धणे भिजत घातल्यासारखा वास आहे की. आणि संत्र्याची साल." कॅन फिरवून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर खरंच बारीक अक्षरात लिहिलेलं, बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर, धणे आणि संत्र्याची साल घालून. म्हणजे वीस वर्षं पिणाऱ्यानं खराब ठरवली आणि जिनं आयुष्यात थेंब घेतला नाही तिनं रेसिपी सांगितली. तशी ती दर उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीचा कांदा-लसूण मसाला करते त्यामुळं नाक तयार आहे, पण तरी जरा लागलंच मला.

म्हटलं आपण शिकायचं हे. गंमत म्हणून नाही, रीतसर.

आमच्या दुकानात दरवर्षी शेतकऱ्यांना वाटायला डायऱ्या छापतात, वर द्राक्षाचा घड आणि खाली फोन नंबर. त्यातली एक घेतली. मग गडी जमवले. एक कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे सर, एक मारुती चौकातला स्टेशनरीवाला, मी, आणि भाचा आला की भाचा. दारू प्यायचं सरकारी परमिट सगळ्यांनी काढलं, मी हजार रुपयेवालं आजन्म काढलं. महाराष्ट्रात पाच रुपयांत एका दिवसाचंही मिळतं, पण रोज कोण पाच रुपये काढत बसणार. सर म्हणाले मार्क द्यायचे असतील तर पद्धत पाहिजे. अमेरिकेत बीअर परीक्षकांचा बीजेसीपी म्हणून एक कार्यक्रम आहे त्यांची पन्नास मार्कांची पत्रिका त्यांनी शोधून आणली. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते म्हणजे जड हलकी झिणझिणी वगैरे त्याला ५ आणि एकूण छाप कशी पडली त्याला १०. दिसण्याला फक्त तीन हे मला लई आवडलं. बेदाण्यात उलटं, सौद्याला हिरवा रंग दिसला की बोली वर, चव नंतर.

पहिले दोन महिने आम्ही जे केलं ते आता सांगायला लाज वाटते. बीअर फ्रीजरमध्ये घालून बर्फगार करायची, शेजारी भडंगाची परात, वर चिरलेला कांदा, आणि मग घोट घेऊन गंभीर चेहऱ्यानं मार्क द्यायचे. भडंगात लसूण असतो राव. सांगलीचं भडंग खाल्ल्यावर पुढचा तासभर तोंडात दुसरं काही शिरू शकत नाही, बीअर तर सोडाच. त्या दोन महिन्यांची पानं बघितली तर सगळ्या बीअरपुढं एकच शेरा, "छान आहे". मार्क तीस, एकतीस, तीस. नापास कोणी नाही, पहिला नंबर कोणाचा नाही, झेडपीच्या शाळेसारखं.

मग एकेक सुधारत गेलो. भडंग बंद, नुसते कोरडे चुरमुरे आणि पाणी. (भडंग शेवटचे मार्क टाकून झाल्यावर.) ग्लास वेगळे ठेवले कारण तेलकटपणा राहिला की फेस टिकतच नाही. आम्ही आठवडाभर बीअरला नावं ठेवत होतो की फेस बसतोय म्हणून, आणि निघालं काय तर त्याच ग्लासात पोरगं दूध प्यायचं. आता मीठ चोळून धुतो आणि पालथे वाळवतो, पुसत नाही, फडक्याचा वास लागतो. थंडपणाचं भाच्यानं सांगितलं की फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेव, फार गार असली की जीभ बधिर होते. पटेना. मग बायकोनं साधी गोष्ट सांगितली, कुल्फी विरघळून वाटीत राहते ती किती गोड लागते, तीच कुल्फी काडीवर असताना एवढी गोड लागते का? पटलं. स्टाउट म्हणजे काळी बीअर, ती तर गार असताना नुसती कडू, आणि अर्ध्या तासानं त्याच ग्लासात भाजलेली कॉफी, जळका गूळ, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, काय काय यायला लागलं.

खरी अडचण शब्दांची होती. चव कळते पण लिहायचं काय? कॅनवर लिहिलेलं असतं ग्रेपफ्रूट, पाइन, लीची. पाइनचं झाड मी कधी हुंगलेलं नाही. सुरुवातीला तसंच उतरवून काढायचो, कॅन बघून पेपर लिहायचा. एकदा आयपीए, म्हणजे जरा कडवट आणि सुवासिक जातीची बीअर, पिताना स्टेशनरीवाला म्हणाला, "ही म्हणजे पपनस सोलताना बोटाला राहतो तो वास." बरोबर तोच! ग्रेपफ्रूट म्हणजे शेवटी पपनसाचंच नातलग आहे. त्या दिवसापासून नियम केला, जे आपण खाल्लंय हुंगलंय तेवढंच लिहायचं. मग डायरी भरायला लागली. कच्च्या आंब्याचा डिंक. गुऱ्हाळावरची मळी. ओल्या चिपाडाचा वास. देवळातल्या धुपाची रक्षा. एका लाल रंगाच्या एल जातीच्या बीअरपुढं मी लिहिलंय "खालच्या थरातला बेदाणा", ते आमच्या दुकानाबाहेर कोणाला कळणार नाही, पण मला ती बीअर आत्ता सुद्धा जिभेवर आणता येते.

सरांचा फायदा असा की वास आला की ते त्याचं कूळ सांगतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. मला वाटायचं घालत असतील. तर नाही, दोन्ही बीअर आंबवणाऱ्या यीस्टची करणी आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, बेकरीत बनाना इसेन्समध्ये जे असतं तेच, आणि लवंगेचं चार-व्हिनाइल ग्वायकॉल की कायसं, ते तीन वेळा विचारून लिहून घेतलंय. कोकम घातलेली एक आंबट बीअर आणली होती, तिच्यातला आंबटपणा दह्याच्या विरजणात असतात त्या जातीच्या जिवाणूंचा. बायको म्हणाली मग ही बीअर कसली, सोलकढीच की. मार्क मात्र चाळीस पडले तिला.

मोड आणलेलं धान्य म्हणजे माल्ट, हे समजून घ्यायला पण मी उगीच चार दिवस घातले. आपण नाचणीचं सत्त्व करतो, भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, तसंच बार्लीचं. मग ते भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते, ते गोड पाणी गाळायचं, कडवटपणा आणि सुवास देणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. आणि आपल्या कृष्णाकाठची खपली, जी डायबेटिसवाले आता शोधत फिरतात, ती म्हणजे एमर गहू, इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या काळी बार्लीबरोबर ह्याच गव्हाची बीअर करायचे. हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो. खपलीची खीर खाताना सासऱ्यांनापण सांगितलं, त्यांनी फक्त बघितलं माझ्याकडं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

मे महिन्यात मी कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. आपल्याकडं ही मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच बीअर करून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीची, सुरुवातच पुण्यातून झाली, डूलालीची, २००९ साली, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. आणि ते नाव कुठलं तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. गोऱ्या सोल्जरांना तिथल्या कॅम्पात बोटीची वाट बघत ठेवायचे, कंटाळून डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत डोकं सरकलेल्याला डूलाली म्हणायला लागले. आता इंडिपेंडन्स आहे, एफिनगट आहे, मधापासून मीड करणारी मूनशाइन आहे. मी भाच्याबरोबर दोन-तीन ठिकाणी बघून आलो, नावं सगळी लिहून घेतली आणि एका ब्रुअरीची आयपीए सांगलीला न्यायला घेतली, परमिटात बसतील तेवढेच कॅन. गाडीच्या डिकीत ठेवले. वाटेत कराडला चुलतभावाच्या पोरीचा साखरपुडा. अकराला पोचलो, सोडतील तर ना, जेवण, फोटो, परत चहा, निघालो तेव्हा चार वाजून गेलेले. गाडी मंगल कार्यालयाच्या मैदानात, सावली नाही. मे महिना, कराड. मग पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत घरी येऊन कॅन फ्रीजमध्ये टाकले आणि विसरून गेलो. प्यायला जमलं ते जूनच्या शेवटाला. मधे एक रविवार ठरवला होता तर ती एकादशी निघाली, घरात साबुदाणा आणि आम्ही वर गच्चीवर बीअर, असं कसं चालेल.

तर फोडली. पपनस नाही, काही नाही. नुसता मंद गोडसर वास आणि मागं काहीतरी कुबट. मी म्हटलं कडवटपणा आहे पण सुवास गेलाय. सर गप्प. स्टेशनरीवाल्यानं घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "हा माझ्या दुकानाचा वास आहे."

आम्हाला एकदम कळलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. ह्याच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी. ओसरल्यावर आम्ही सगळे गेलो होतो साफ करायला, वह्यांचे गठ्ठे, खोकी, पुठ्ठे, सगळ्याचा लगदा, आणि तो वास पुढं सहा महिने भिंतीतून जात नव्हता. सांगलीच्या माणसाला ओल्या पुठ्ठ्याचा वास शिकवायला लागत नाही. सर हळूच म्हणाले की पुस्तकात हेच लिहिलंय, ऑक्सिजन लागून जुनी झालेल्या बीअरचं लक्षण, ओला पुठ्ठा. मी वाचलं होतं पण मला वाटलं गोऱ्यांचं काहीतरी असेल.

मी डायरीत पन्नासपैकी सतरा टाकले आणि खाली लिहिलं, "नाव मोठं लक्षण खोटं, परत घेऊ नये". आणि एवढ्यावर थांबलो नाही, चार-पाच ओळखीच्यांना सांगितलंसुद्धा की पैसे घालवू नका.

दोन महिन्यांनी परत पुण्याला गेलो तेव्हा भाचा म्हणाला मामा तीच बीअर त्यांच्याकडं नळावरची पी एकदा. म्हटलं नको रे, ती टेस्ट केलीय मी. बळंच घेऊन गेला. ग्लास टेबलावर ठेवायच्या आधीच वास आला. पपनस, आणि त्याच्यामागं कच्चा आंबा फोडल्यावर चीक येतो तसं काहीतरी, आणि शेवटी कडू, पण मेथीच्या ताज्या भाजीसारखं स्वच्छ कडू, घशात चिकटून न बसणारं. मी डायरी न्यायला विसरलो होतो, कागदी नॅपकिनवर मार्क मांडले, एकेचाळीस.

सतरा आणि एकेचाळीस. तीच बीअर.

खरं तर मला हे सांगायला कोण पाहिजे होतं? माझं आयुष्य बेदाण्यात गेलंय. तासगावच्या शेडवरून हिरवागार माल येतो, कोल्ड स्टोरेजला ठेवला की वर्षभर हिरवा, आणि तोच पेटीतून बाहेर उन्हाळ्यात पडून राहिला की तांबूस. शेतकरी येऊन म्हणतो माल माझा चांगला होता, तुम्ही ठेवला कसा ते बोला. किती भांडणं झालीत ह्यावरून आमच्या दुकानात, आणि मी नेहमी दुकानाच्या बाजूनं. इथं तर मीच डिकीत शिजवली, मीच महिनाभर विसरलो आणि मार्क कापले करणाऱ्याचे. ते सतरा मार्क कराडच्या मैदानाचे होते. आयपीएची जुनी गोष्ट तर ह्याच्या उलट, दीड-दोनशे वर्षांपूर्वी लंडनहून चार-सहा महिने जहाजातून मुंबई-कलकत्त्याला यायची आणि हॉप्स भरपूर म्हणून टिकायची असं सांगतात. पण आताच्या आयपीएची सगळी मजा त्या ताज्या वासात आहे आणि तो वासच पहिल्यांदा उडतो.

घरी येऊन जुनी पानं परत चाळली. ज्यांना कमी मार्क होते त्यांच्या तारखा शोधायला गेलो तर लिहिल्याच नव्हत्या. कधी भरली ते कॅनच्या बुडाला बारीक छापलेलं असतं, आम्ही बघायचोच नाही. तेव्हापासून डायरीत पहिला कॉलम भरल्याची तारीख, दुसरा कुठून आणली, तिसरा कशी आणली. मार्क सगळ्यात शेवटी. आमच्याकडच्या एका दुकानात हिरव्या बाटल्या दारातल्या फ्रीजमध्ये वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या असतात, दिवसभर ऊन पण येतं. उजेड लागून हॉप्समधलं काहीतरी फुटतं आणि जळक्या रबरासारखा वास येतो. तपकिरी बाटलीत कमी, कॅनमध्ये प्रश्नच नाही. दुकानदाराला म्हटलं मागच्या फळीतली दे, तो म्हणाला, "तीच आहे की ओ, पुढची काय नि मागची काय." मी पण वर्षापूर्वी हेच म्हणालो असतो.

मग आंधळी परीक्षा घेतली एकदा. बायकोनं आत सहा ग्लास भरले, सौद्याला लॉटच्या चिठ्ठ्या लावतात तशा नंबरच्या चिठ्ठ्या लावल्या आणि बाहेर आणले. त्यात तिनं आम्हाला न सांगता कोपऱ्यावरच्या शॉपीतली साधी माइल्ड घातली होती, गेल्याच आठवड्यात आलेल्या पेटीतली. ती दुसरी आली. सर तर म्हणाले ही चेक पद्धतीची पिल्सनर असणार, माल्ट किती नाजूक आहे बघा. सगळ्यात महाग कॅन, सात महिन्यांपूर्वी भरलेला, तो शेवटून पहिला. सर दोन दिवस फोन उचलत नव्हते.

सतरा मार्कांचं पान मी फाडलं नाही, पण त्याच्यावर लाल पेनानं तिरकं लिहिलं, "रद्द. दोष आणणाऱ्याचा." आणि ज्यांना ज्यांना नको म्हणून सांगितलं होतं त्यांना फोन करून परत सांगितलं. त्यातल्या तिघांना मी काय बोलतोय हेच आठवत नव्हतं.

तरी मनात राहिलं होतं. म्हणून ह्या वेळी पुण्याला जाताना त्या ब्रुअरीवाल्या पोराला, जो बीअर करतो त्याला, काहीतरी न्यावं म्हटलं. पोरगं तिशीतलं असेल, गमबूट घालून टाक्यांमध्ये फिरत होतं. त्याला सगळी गोष्ट सांगितली, कराड, साखरपुडा, सतरा मार्क. हसला, मूठभर माल्ट दिला चावायला, बिस्किटासारखा लागतो. मी आमच्याकडचा एक नंबर बेदाणा नेला होता, दोन किलो, म्हटलं बघा एखाद्या डार्क बीअरला घालून, सांगलीचा आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. त्यानं पिशवी उघडली. आधी नाक आत घातलं, मग एक दाणा उजेडाला धरला, मग दोन बोटांत दाबला, मग चावला. अगदी सौद्याला बसलेल्या व्यापाऱ्यासारखं. मी वाट बघत उभा.

"चव छान आहे काका," तो म्हणाला, "पण हा कोल्ड स्टोरेजमधून कधी काढला तुम्ही?"

चार दिवस झाले होते. डिकीत होता.